तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे

जून उजाडला की आपल्या जिल्ह्यात दोन खरेद्या ठरलेल्या असतात. शेतासाठी कापसाचं बियाणं आणि घरातलं मूल बारावी झालं असेल तर त्याच्यासाठी लॅपटॉप. एमसेटचा निकाल लागतो (नाव बदलून आता ईएपीसेट झालंय, पण आपल्या तोंडी अजून एमसेटच), कौन्सेलिंगमध्ये कॉलेज मिळतं, वडील इकडून तिकडून पैसे जमवतात आणि एक दिवस पहाटेच्या बसनं नागपूर नाहीतर हैदराबाद गाठलं जातं. नागपूरची सीताबर्डी सुमारे दोनशे किलोमीटर, सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर तीनशे. आदिलाबादेतही आता बरी दुकानं आहेत, पण मोठ्या बाजारात दहा मॉडेलं समोर मांडून दाखवतात, भाव करता येतो आणि येताना नातेवाइकांकडे एक चक्कर होते. त्यामुळे सीमेपलीकडची खरेदी आपल्याला सवयीची आहे.

बिल करताना दुकानदार एक वाक्य हमखास म्हणतो. "तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी घेऊन टाका साहेब. काही झालं तर फक्त फोन करायचा, माणूस घरी येतो." आणि आपण वरचे तीन-चार हजार रुपये देऊन मोकळे होतो. आदिलाबादेत राहणाऱ्यानं हे वाक्य पैसे देण्याआधी दोनदा ऐकावं, म्हणून हा लेख.

'ऑनसाइट' म्हणजे जागेवर येऊन सेवा, इतका अर्थ सगळ्यांना कळतो. पण त्या शब्दाच्या पोटात बऱ्याच अटी असतात. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात साधारणपणे असं असतं की आधी फोनवर तपासणी पूर्ण व्हायला हवी, त्यातून दोष पार्टचा आहे असं कंपनीला वाटायला हवं, पार्ट उपलब्ध असायला हवा आणि ग्राहकाचा पत्ता सेवाक्षेत्रात असायला हवा. 'पुढच्या कामाच्या दिवशी माणूस येईल' हे आश्वासन या सगळ्यानंतर सुरू होतं. म्हणजे तुम्ही फोन केला तो सोमवार धरायचा नसतो. कंपनीनं 'तपासणी पूर्ण' असं लिहिलं तो दिवस धरायचा असतो, आणि तो दिवस कधी उगवणार हे कंपनीच ठरवते.

घरी येणारा माणूसही बहुतेक वेळा कंपनीचा नसतो. कंपनी ठिकठिकाणच्या सर्व्हिस पार्टनरना कंत्राट देते आणि कोणत्या पिनकोडचं काम कोणाकडे, हे आधीच वाटून ठेवलेलं असतं. हैदराबादेत एक इंजिनिअर दिवसात चार-पाच घरं करू शकतो. आदिलाबादला यायचं तर त्याचा अख्खा दिवस एका मदरबोर्डसाठी जातो. यात कोणाचा दुष्टपणा नाही, साधा हिशेब आहे. पण ऑनसाइटचे पैसे बंजारा हिल्सवाल्यानं आणि बेला मंडलातल्या शेतकऱ्यानं सारखेच दिलेले असतात, आणि सगळी मेख तिथं आहे.

आमच्या घरातलंच उदाहरण सांगतो. माझ्या वहिनीचं आदिलाबादेत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं छोटं दुकान आहे. एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन, एक लॅपटॉप. मुलांचे ई-पासचे शिष्यवृत्तीचे अर्ज, हॉलतिकिटं, जमिनीचे उतारे, आणि दिवाळीनंतर कापसाची सरकारी खरेदी सुरू झाली की शेतकऱ्यांची नोंदणी आणि स्लॉट. आपल्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांना मराठी वाचता येतं, तेलुगू बोलता येतं, पण स्क्रीनवरची इंग्रजी ओळ अडते. ते वहिनीकडे येतात, ती तिन्ही भाषांत समजावते, तीस-चाळीस रुपये घेते. घरातल्या दोन पोरांची फी त्यातून निघते.

लॅपटॉप नागपूरचा, ५२ हजारांचा, वर तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी. कंपनी कोणती ते लिहीत नाही. नाव वाचलं की बाकीच्या कंपन्यांचे ग्राहक निर्धास्त होतील, आणि तसं निर्धास्त होण्यासारखं काही नाही.

ऐन कापसाच्या दिवसांत एके सकाळी लॅपटॉप चालू होईना. बटण दाबलं की दिवा दोनदा लुकलुके आणि विझे. वहिनीनं वॉरंटीच्या कागदावरचा नंबर फिरवला. हिंदीसाठी १, इंग्रजीसाठी २. मराठीसाठी आकडा नव्हता. मग ते वाक्य, "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया लाइनवर राहा," आणि बासरी. पंचवीस मिनिटांनी एक मुलगा बोलला. त्याला लॅपटॉपच्या पोटाखालचा सिरीयल नंबर हवा होता. तिथली अक्षरं मुंगीएवढी. "बी की आठ? ओ की शून्य?" यात पाच मिनिटं गेली. चार्जर काढा, बॅटरी रिकामी करा, बटण तीस सेकंद दाबून धरा. सगळं केलं. मग तो म्हणाला, "मॅडम, आता चालू करून अपडेट टाका." चालूच होत नाही म्हणून तर फोन केला होता!

पहिल्या दिवशी केस नंबरही मिळाला नाही, कारण मध्येच फोन कटला. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा, पुन्हा पहिल्यापासून तेच. तिसऱ्या दिवशी लुकलुकणाऱ्या दिव्याचा व्हिडिओ मागितला. चौथ्या दिवशी केस नोंदली गेली आणि वहिनीला हायसं वाटलं.

केस गेली नागपूरच्या पार्टनरकडे, कारण लॅपटॉप तिथला. नागपूरवाला म्हणाला, "ताई, तुमचा पत्ता तेलंगणाचा आहे, आम्हाला पैनगंगा ओलांडायची परवानगी नाही." केस हैदराबादला गेली. या बदलीत आठ दिवस. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा आपल्याच जिल्ह्यात होते. मग राज्यांची रेघ ओढली गेली, तरी सोयरिकी, बाजार आणि भाषा तिला फारशी जुमानत नाहीत. कंपनीच्या नकाशावर मात्र ती रेघ भिंतीइतकी जाड निघाली.

हैदराबादच्या पार्टनरचा इंजिनिअर पोरगा चांगला होता. त्यानं तेलुगूत खरं ते सांगितलं, "अक्का, तिकडचे चार-पाच कॉल जमले की येतो. एकट्या कॉलसाठी मला पाठवत नाहीत." तो आला अठराव्या दिवशी. बॉक्स उघडला तर आत स्क्रीनची केबल. दोष मदरबोर्डचा, पाठवलेला पार्ट भलताच. त्यानं तसा शेरा लिहिला आणि परत गेला. त्याच संध्याकाळी वहिनीच्या मोबाइलवर मेसेज आला. आपली केस समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

"भाऊजी, तारे कुठं दाखवू यांना, दिवसा?" असं ती मला म्हणाली होती. पण गंमत तेवढ्यापुरतीच. तोवर तिनं शेजारच्या मुलाचा जुना संगणक भाड्यानं आणला होता. त्यावर एक पान उघडायला चहा पिऊन व्हायचा. अर्ज भरायला आलेली माणसं थोडं थांबून पुढच्या दुकानात जायची. तुटलेलं गिऱ्हाईक लॅपटॉप दुरुस्त झाल्यावर आपोआप परत येत नाही, हे दुकान चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

बंद झालेली केस उघडायला नवी केस करावी लागली. नव्या केसला नवा नंबर आणि नवी तपासणी. "मॅडम, तीस सेकंद बटण दाबून धरा." मग सांगण्यात आलं की बोर्डावर ओलाव्याचे डाग असल्याची शंका आहे आणि हे सीआयडी असू शकतं. वहिनी घाबरली, हे पोलीस कुठून आले! सर्व्हिस सेंटरच्या भाषेत सीआयडी म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान. तो शिक्का बसला की वॉरंटी संपली. इथं तिच्या एका सवयीनं तिला वाचवलं. इंजिनिअर आला तेव्हा तिनं उघडलेल्या लॅपटॉपचे फोटो काढले होते, आणि त्यानं सही केलेल्या जॉबशीटवर डागांबद्दल अवाक्षर नव्हतं. ते दोन्ही ईमेलनं पाठवल्यावर सीआयडी गायब झालं. बोर्ड बदलून मिळाला त्रेचाळिसाव्या दिवशी. तोवर नोंदणीची गर्दी ओसरली होती. हा शेवटचा टप्पा कसा पार पडला ते पुढं येतंच.

हे फक्त आपल्याकडे, आडगावच्या लोकांनाच भोगावं लागतं असं वाटत असेल तर थोडं अमेरिकेत डोकावू. जेफ जार्व्हिस या पत्रकारानं २००५ मध्ये डेल कंपनीचा लॅपटॉप घेतला आणि घरी येऊन दुरुस्तीसाठी चार वर्षांचे जादा पैसे मोजले. लॅपटॉप बिघडला. कंपनीनं सांगितलं की माणूस पाठवू, पण त्याच्याकडे पार्ट नसतील, तेव्हा तुम्हीच मशीन पाठवून द्या. न्यूयॉर्कच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला हे उत्तर! त्यानं सगळा प्रकार जाहीर लिहिला, आणि तसंच सोसलेले असंख्य लोक 'आमचंही असंच' म्हणत पुढं आले. त्याला पैसे परत मिळाले. पुढच्या वर्षी डेलनं ग्राहकसेवा सुधारायला १० कोटी डॉलरहून अधिक खर्च करत असल्याचं सांगितलं.

प्रकरण तिथं थांबलं नाही. २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी डेलला कोर्टात खेचलं. वॉरंटीतली मदत मागणाऱ्यांना फोनवर ताटकळत ठेवायचं, या विभागातून त्या विभागात फिरवायचं, कॉल तोडायचे, आणि ऑनसाइट सेवा विकत घेतलेल्यांनाही आधी फोनवर सांगून संगणक स्वतः उघडायला लावायचा, असे आरोप होते. मे २००८ मध्ये कोर्टानं कंपनीला दोषी ठरवलं आणि २००९ मध्ये ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं हे वाटतं की फोनवर लोंबकळत ठेवणं ही नुसती गैरसोय नसून पैसे घेऊन न दिलेली सेवा आहे, असं एका कोर्टात ठरलं.

याच गोष्टीला आपल्या बाजूनं दुसरा पदर आहे. त्या वर्षांत डेलचे अमेरिकन ग्राहक फोन लावत, तेव्हा बऱ्याचदा तो बंगळूरला उचलला जाई. हैदराबाद आणि मोहालीलाही कंपनीनं केंद्रं काढली. ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या म्हणून २००३ च्या नोव्हेंबरात डेलनं काही मॉडेलांच्या मोठ्या कंपनी-ग्राहकांचे फोन बंगळूरऐवजी पुन्हा अमेरिकेत वळवले. तेव्हा 'भारतीय पोरांना इंग्रजी नीट येत नाही' अशी तिकडं कुरकुर होती. आता चाक फिरलंय. त्याच हैदराबादेत बसलेला मुलगा आदिलाबादच्या बाईशी बोलतो तेव्हा त्याला मराठी येत नाही.

आणि तो मुलगा कोण असतो? आपल्यातलाच कोणीतरी. बोथचा, उटनूरचा, निर्मलचा, डिग्री करून माधापूरच्या हॉस्टेलात राहणारा. समोर स्क्रीनवर ठरलेले प्रश्न असतात, ते क्रमानं विचारावेच लागतात. एका कॉलवर किती मिनिटं घालवली हे मोजलं जातं. पार्ट पाठवण्याचा अधिकार बहुधा त्याच्या वरच्या पायरीला असतो. त्याच्यावर ओरडून बासरीपलीकडे काही हाती लागत नाही. त्याच्याकडून तीन गोष्टी मात्र मिळवायच्या. केस नंबर, त्याचं नाव, आणि 'वरिष्ठांकडे पाठवतो' हे लेखी. "दादा, हे एवढं ईमेलवर टाक, मग फोन ठेवते," हे वहिनी इतक्या गोड आवाजात म्हणायची की समोरचा टाकायचाच.

आता कायद्याकडे वळू, कारण सीमेवरच्या माणसासाठी त्यात खरोखर कामाची गोष्ट आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नाही.

ग्राहक चळवळ हा मराठी माणसाचा जुना उद्योग. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. तो आला १९८६ मध्ये. त्या कायद्यानं दारं उघडली, पण एक अडचण ठेवली. तक्रार साधारणपणे कंपनी किंवा दुकान जिथं असेल, नाहीतर व्यवहार जिथं झाला असेल, तिथंच करावी लागे. लॅपटॉप नागपूरचा असेल तर खटला नागपूरला. तारखेसाठी दोनशे किलोमीटर जायचं, तारीख पडली की परत यायचं. पन्नास हजारांच्या वस्तूसाठी कोण करणार? कोणी करत नसे.

२० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला आणि त्याच्या ३४व्या कलमानं हे बदललं. ग्राहक स्वतः जिथं राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. खरेदी नागपूरची असो, सिकंदराबादची असो, की मोबाइलवरून मागवलेली असो. आदिलाबादेत जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं मुख्य कार्यालय बंगळूरला असलं तरी उत्तर द्यायला तिनं इकडे यायचं. घरी माणूस पाठवायला ज्यांना पिनकोड आडवा येतो, त्यांच्या वकिलाला तो आडवा येत नाही.

वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरता येते आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी अशी विनंतीही करता येते. नोटीस मिळाल्यावर कंपनीनं ३० दिवसांत उत्तर द्यायचं, आयोगाला वाटलं तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढं सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये पक्कं केलंय. तक्रार तीन महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासावी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढावी, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो हे धरूनच चालावं. पण आयोग दुरुस्ती, बदली, पैसे परत आणि वर नुकसानभरपाई, हे सगळं देऊ शकतो. आदेश पाळला नाही तर तुरुंगवासाची तरतूदही आहे.

वहिनीसारख्यांच्या मनात एक शंका येते आणि कंपनीचे वकीलही नेमकं तेच बोट ठेवतात. लॅपटॉप धंद्यासाठी वापरला, मग तुम्ही ग्राहक कसल्या? व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू होत नाही हे खरं. पण त्याच व्याख्येखाली एक खुलासा आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू व्यापारी धरायची नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे उलगडून सांगितलं. हे प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेलं होतं. टाइपरायटर घेऊन स्वतः टायपिंग करून पोट भरणारा, रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा, हे ग्राहकच, असं त्यात आहे. खुद्द लक्ष्मी इंजिनिअरिंग हरली, कारण तिचं यंत्र आणि काम मोठ्या व्यापाराचं होतं. टाइपरायटरच्या जागी लॅपटॉप ठेवा, चित्र तेच. दुकानात चार पगारी माणसं आणि दहा संगणक असतील तर मात्र हा खुलासा कामाला येणं कठीण.

आयोगाच्या आधी एक सोपी पायरी आहे, आणि वहिनीचा बोर्ड त्या पायरीवरच मिळाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथं मराठीत बोलता येतं, तेलुगूतही. तीन आठवडे हिंदीत अडखळलेल्या वहिनीनं पहिल्यांदा सगळी हकिकत आपल्या भाषेत, एका दमात सांगितली. समोरच्या बाईंनी मध्ये न तोडता ऐकली आणि तक्रार क्रमांक दिला. हेल्पलाइनला हुकूम सोडायचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी या तक्रारींसाठी वेगळी माणसं नेमलेली असतात, आणि ती फोनवरच्या पोरांपेक्षा वरच्या पायरीवरची असतात. आठवड्याच्या आत तिला बंगळूरहून फोन आला. तोवर तिला कोणीही स्वतःहून फोन केला नव्हता.

बोर्ड बदलून झाल्यावर कंपनीनं तिला 'समाधानी आहे' असं लिहून द्यायला सांगितलं. तिनं लिहिलं, "बोर्ड बदलून मिळाला. उशिराबद्दलचा हक्क राखून ठेवते." मग भाड्याच्या संगणकाच्या पावत्या लावून आदिलाबादच्या आयोगात भरपाईची तक्रार टाकली. कंपनीच्या उत्तराची ती वाट बघतेय. दादा म्हणतो, "कशाला आणखी डोक्याला ताप?" मला मात्र तिचं बरोबर वाटतं. भरपाई न मागता बोर्ड घेऊन गप्प बसलो तर उशीर करणं कंपनीला फुकट पडतं.

आता एक धोका, ज्यात आपल्या ओळखीपाळखीतली माणसं सापडतात. फोन लागत नाही म्हणून लोक मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून 'कस्टमर केअर नंबर' शोधतात. वर आलेला नंबर कधी चोराचा असतो. तो पहिल्याच रिंगला उचलतो, तुमच्या भाषेत गोड बोलतो आणि 'लांबूनच दुरुस्त करतो' म्हणून एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतो. त्यातून तुमचा स्क्रीन आणि बँकेचं ॲप त्याच्या हातात जातं. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. नंबर फक्त वॉरंटीच्या कागदावरचा, खोक्यावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा घ्यावा. दुरुस्तीसाठी दहा रुपये 'नोंदणी फी' कोणी मागितली तर फोन ठेवावा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर कळवावं. उशीर झाला की पैसे पुढं सरकतात.

यंदा ज्यांच्या घरी खरेदी आहे त्यांनी दुकानात पैसे देण्याआधी तिथंच उभं राहून कंपनीच्या नंबरवर फोन लावावा. आपला पिनकोड सांगायचा (आदिलाबाद शहराचा ५०४००१, गावाकडचा वेगळा असेल तर तोच सांगा) आणि विचारायचं की इथं ऑनसाइट माणूस येतो का, किती दिवसांत, आणि जवळचं सर्व्हिस सेंटर कुठलं. येत नसेल तर ऑनसाइटचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही. ज्या कंपनीचं सेंटर बसनं जाऊन-येऊन एका दिवसात गाठता येईल तिचं मशीन जरा महाग असलं तरी परवडतं, असं माझं मत झालंय. बिल ज्याच्या नावानं, तक्रारही त्याच्याच नावानं सोपी जाते, तेव्हा मामाच्या जीएसटीवर बिल करून हजारभर रुपये वाचवण्याचा मोह टाळलेला बरा.

मशीन दुरुस्तीला देण्याआधी आतलं सगळं पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. डेटा उडाला तर आम्ही जबाबदार नाही, हे प्रत्येक जॉबशीटवर छापलेलं असतं. चालूच होत नसेल तर डिस्क पुसायची नाही, असं जॉबशीटवर लिहून घ्या. काही कंपन्यांचा माणूस काम झाल्यावर मोबाइलवर आलेला कोड मागतो. तो कोड म्हणजे 'काम झालं' याची तुमची सही. मशीन चालू करून, अर्धा तास वापरून बघेपर्यंत तो देऊ नका. तो माणूस घाईत असतो, त्याला बस पकडायची असते. चहा द्या, कोड नंतर.

आयोगात जायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, तेव्हा कागद तेवढे दिवस टिकायला हवेत. दुकानातली बरीचशी बिलं चकचकीत कागदावर छापलेली असतात आणि आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात ती कोरी होतात. घरी आल्याच्या दिवशीच बिलाची झेरॉक्स काढा. वहिनीच्या दुकानात दोन रुपये पडतात.